पिल्लू चावतं, घरभर शू करतं, रात्री रडतं: नव्या पालकांनी सुरुवात कुठून करायची?

कुत्र्याचं आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू घरी आलं की आठवडाभरात तक्रारी सुरू होतात. फार चावतं, बाहेर नेऊन आणलं तरी आत येऊन शू करतं, रागावलं तर उलट अंगावर भुंकतं. यातल्या बहुतेक तक्रारींमागे एक समज असतो, की पिल्लू हे सगळं मुद्दाम करतंय. तसं नसतं. गालिचा आणि गवत यांतला फरक त्याला कुणी सांगितलेला नाही. तुमचा हात आणि त्याच्या भावंडाचा कान यांतला फरकही त्याला अजून कळलेला नाही. त्याला एवढंच कळतं, की अमुक केलं की बरं वाटतं, मजा येते किंवा कुणीतरी लक्ष देतं. मग ते तेच पुन्हा करतं.

म्हणून कुठलीही सवय मोडायची असेल तर आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. याला आत्ता नेमकं काय हवंय? आणि हे केल्यावर याला काय मिळालं? बहुतेक वेळा उत्तर या दोन प्रश्नांतच सापडतं. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे.

पहिली पायरी: झोप पुरी होते का, ते बघा

हे कुणी फारसं सांगत नाही, म्हणून सगळ्यात आधी सांगतो. लहान पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते. घरात माणसं, आवाज, मुलं, पाहुणे असले की ते झोपतच नाही. डोळे मिटले की कुणीतरी उचलून घेतं. मग संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला ते घरभर सुसाट धावतं, सोफ्याच्या कडेला धडकतं, पायजम्याला लोंबकळतं, हात पुढे केला की कचकन चावतं. घरच्यांना वाटतं, याची ऊर्जा संपत नाहीये. ते चेंडू काढतात आणि आणखी खेळवतात. पिल्लू आणखी बेभान होतं.

खरं तर ते दमलेलं असतं. तासभर जागं राहिलं की त्याला त्याच्या जागी नेऊन झोपवायचं, हा क्रम लावून घ्या. जागा शांत, थोडी अंधारी आणि रोज तीच असावी. क्रेट, म्हणजे दार असलेला पिंजरा, असेल तर उत्तम, नाहीतर जाळी लावून केलेला एखादा कोपराही चालतो. क्रेटची सवय मात्र हळूहळू लावायची असते. आत खाऊ टाका, दार उघडं ठेवा, त्याला स्वतःहून आत जाऊ द्या. पहिल्याच दिवशी आत कोंडून दार लावलं तर ती जागा त्याला कायमची नकोशी होते. आणि शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कधीही टाकू नका.

ही एक गोष्ट नीट झाली, तरी अनेक घरांत चावणं आणि धिंगाणा पुष्कळ कमी होतो.

चावणं

पिल्लू चावतं त्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे खेळ. भावंडांशी खेळताना ते तोंडच वापरतं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं आणि खेळ थांबवतं, त्यातून किती जोर लावायचा हे ते शिकतं. आठ आठवडे पुरे व्हायच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लांचा हा धडा अर्धवट राहतो आणि ती जास्त कचकचून चावतात. दुसरं कारण दात. दुधाचे २८ दात साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात हिरड्या इतक्या शिवशिवतात, की दिसेल ते तोंडात जातं. फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात पडलेला सापडला तर घाबरू नका. कित्येकदा तर तो खाण्याबरोबर पोटातही जातो, त्याने काही होत नाही.

आता करायचं काय, ते क्रमाने:

१. खेळताना हाताशी नेहमी एखादं लांब, मऊ खेळणं ठेवा. तोंड हाताकडे आलं की खेळणं पुढे करा. ते खेळण्याला चावलं की खेळ जोरात चालू ठेवा. हात हे खेळणं नाही, हे घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवं. एकाने हाताने कुस्ती खेळायची आणि दुसऱ्याने रागवायचं, यात पिल्लू काहीच शिकत नाही.

२. तरीही दात लागले तर हात झटकू नका. झटकलेला हात म्हणजे पळणारी शिकार, मग पाठलाग आलाच. हात सैल सोडा, शांत राहा आणि उठून बाजूला व्हा. जाळीच्या किंवा दाराच्या पलीकडे २०-३० सेकंद थांबा. परत येऊन खेळ सुरू करा. पुन्हा चावलं, पुन्हा उठा. चावलं की मजा संपते, हे त्याला अशा पुष्कळ पुनरावृत्तींतूनच कळतं. दोन दिवसांत नाही, काही आठवड्यांत.

३. तीन-चार वेळा उठूनही चावणं वाढतच असेल तर ते दमलंय किंवा त्याला शूला जायचंय. बाहेर न्या, मग झोपवा.

४. हिरड्यांसाठी ओला करून फ्रीजरमध्ये गार केलेला, पीळ दिलेला सुती कपडा द्या, पण तुमच्या नजरेसमोर. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याचे टोकदार तुकडे होऊन घशात किंवा आतड्यात रुततात. नखाने दाबल्यावर जराही न दबणारी वस्तू दातांसाठी कठीणच समजा.

"ओय!" करून ओरडा, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. काही पिल्लं त्याने थबकतात, काहींना तो खेळाचाच भाग वाटतो आणि ती दुप्पट चेकाळतात. तुमचं पिल्लू दुसऱ्या प्रकारातलं असेल तर तो उपाय सोडून द्या.

तोंड दाबून धरणं, नाकावर चापट मारणं, पाठीवर पाडून दाबून धरणं, हे मात्र अजिबात करू नका. "त्याला मालक कोण ते कळलं पाहिजे" या समजुतीचा उगम लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं आणि त्यातून वर्चस्वाच्या लढाईची कल्पना पसरली. मोकळ्या जंगलात लांडग्यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की नैसर्गिक कळप म्हणजे बहुतांशी आईबाप आणि त्यांची पिल्लं असं एक कुटुंब असतं. तिथे सत्तेसाठी रोजची मारामारी नसते. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. दाबून धरलेलं पिल्लू शांत दिसतं ते समजल्यामुळे नाही, घाबरल्यामुळे. पुढे तोच हात जवळ आला की ते स्वतःला वाचवायला चावू शकतं.

घरात लहान मूल असेल तर मूल आणि पिल्लू दोघांना एकटं सोडू नका, मिनिटभरही नाही. आणि दात लागून कातडी फाटली, रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिल्लू घरचं आहे, लहान आहे, म्हणून रेबीजचा विचार टाळू नका.

शू आणि शी

इथे शिकवण्यापेक्षा वेळ सांभाळणं जास्त असतं. मूत्राशयावर पिल्लाचा ताबा वयाबरोबर येतो. ढोबळ हिशोब असा: वयाचे महिने अधिक एक, इतके तास ते फार तर थांबू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, तेही शांत पडून असेल तर. जागं असताना आणि खेळताना हा हिशोब चालत नाही.

झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, पाणी प्यायल्यावर, खेळ थांबला की, आणि रात्री झोपण्याआधी: या प्रत्येक वेळी बाहेर न्यायचंच. याशिवाय जागं असताना सुरुवातीला दर अर्ध्या-पाऊण तासाने. खाण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा, म्हणजे शीच्या वेळाही ठरतात. पाणी मात्र दिवसा तोडू नका.

नेहमी त्याच जागी न्या, पट्टा लावून न्या आणि तिथे उभे राहा. फिरू नका, बोलू नका, फोन बघत बसू नका. पिल्लू नाक जमिनीला लावून हुंगत गोल फिरायला लागतं, मागचे पाय जरा वाकतात, आणि होतं. संपता क्षणी, तिथल्या तिथे, खाऊ द्या आणि कौतुक करा. घरात परत येऊन दिलेला खाऊ हा घरात आल्याबद्दलचा खाऊ ठरतो. एक-दोन सेकंदांपलीकडचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. आणि काम झाल्या झाल्या लगेच आत आणू नका, थोडं हुंगू द्या, खेळू द्या. नाहीतर शू केली की मजा संपते हे शिकून ते रोखून धरायला लागतं.

पाच मिनिटं उभं राहून काहीच झालं नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या, पट्ट्याने स्वतःजवळ ठेवा किंवा क्रेटमध्ये ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी परत बाहेर. "बाहेर काही केलं नाही आणि आत येऊन केलं" ही तक्रार या एका सवयीने जवळपास संपते.

घरात झालंच तर? करताना दिसलं तर हळूच आवाज देऊन थांबवा, उचलून बाहेर न्या, तिथे उरलेलं केलं तर शाबासकी द्या. नंतर दिसलं तर मुकाट्याने पुसा. नाक घासणं, ओरडणं याने पिल्लू "घरात शू करू नये" हे शिकत नाही. "माणसासमोर शू करणं धोक्याचं" हे शिकतं. मग ते सोफ्याच्या मागे जाऊन करतं, आणि बाहेर तुमच्या देखत करायला तयार होत नाही. तुम्ही घरात आल्यावर कान पाडून, अंग चोरून बसतं त्याला अपराधी भाव समजू नका. तुमचा चेहरा आणि आवाज बघून घाबरल्याच्या त्या खुणा आहेत.

पुसायला एन्झाइमवाला, म्हणजे लघवीचा अंशच मोडून टाकणारा क्लीनर वापरा. साध्या फिनाइलने आपल्याला वास येईनासा होतो, पिल्लाला येतच राहतो. अमोनिया असलेलं काहीही टाळा, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो.

कुणी वाकून हात लावला किंवा मोठ्याने बोललं की थोडी शू होते, हा प्रकार वेगळा. ती भीतीची किंवा अति आनंदाची शू असते आणि ती पिल्लाच्या हातात नसते. अशा पिल्लाला भेटताना बाजूला बसा, त्याच्याकडे टक लावून पाहू नका, हनुवटीखालून हात लावा. मोठं होता होता बहुतेकांचं थांबतं. चांगली सवय लागलेलं पिल्लू अचानक वारंवार, थेंब थेंब शू करायला लागलं तर मात्र मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. तिथे प्रशिक्षण नाही, पशुवैद्य हवा.

रात्रीचं रडणं आणि एकटं राहणं

पहिल्या रात्री पिल्लू आयुष्यात पहिल्यांदा एकटं झोपतं. त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून "रडून रडून गप्प होईल" म्हणणं मला मुळीच पटत नाही. ते गप्प होतं, पण एकटेपण म्हणजे संकट, हे शिकून. पहिले काही आठवडे त्याची जागा तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. हात खाली सोडला तर लागेल इतक्या जवळ. नीट झोपायला लागलं की जागा रोज थोडी लांब सरकवा. मध्यरात्री रडलं तर शूसाठी बाहेर न्या, दिवा मंद, बोलणं नाही, खेळ तर नाहीच. झालं की परत जागेवर.

एकटं राहण्याचा सराव दिवसा आणि अगदी थोडा करायचा. चघळायला काहीतरी देऊन खोलीबाहेर जा, पाच सेकंदांत परत या. मग वीस सेकंद, मग एक मिनिट. पिल्लू रडायच्या आत परत येणं महत्त्वाचं. रडलंच तर वेळ फार वाढवली असं समजा आणि पुन्हा कमी करा. जाताना-येताना मोठा निरोप समारंभ नको.

कुरतडणं, उड्या, भुंकणं

कुरतडण्यावर नव्वद टक्के काम आपण घर आवरण्यात असतं. चप्पल, मोजे, रिमोट, चार्जरच्या वायरी उचलून ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेलं च्युइंगम त्याच्या तोंडी लागेल असं ठेवूच नका, कुत्र्यांना ते विषारी असतं. चप्पल पळवली तर मागे धावू नका, त्याच्यासाठी तो पकडापकडीचा खेळ ठरतो. खाऊ दाखवून अदलाबदल करा.

अंगावर उड्या मारणारं पिल्लू लक्ष मागत असतं. "नको, खाली हो" म्हणत ढकलणं हेही लक्षच. उडी आली की पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाली वाकून लाड करा. बसायला शिकवलं तर आणखी सोपं, कारण बसलेलं पिल्लू उडी मारू शकत नाही. पाहुण्यांनाही हेच सांगा, आणि ते ऐकणारे नसतील तर पिल्लाला पट्टा लावून ठेवा.

लक्ष मागण्यासाठीचं भुंकणंही असंच थांबतं, पण एक गोष्ट माहीत असू द्या. दुर्लक्ष करायला लागलात की ते आधी वाढतं. रोज चालणारी युक्ती आज का चालत नाही म्हणून पिल्लू आणखी जोर लावतं. नेमकं त्या क्षणी हार मानली तर जास्त वेळ भुंकलं की काम होतं, एवढंच ते शिकतं. बाकी भुंकणं भीतीचं, कंटाळ्याचं की दारावरच्या आवाजाचं, हे आधी ओळखा. भीतीने भुंकणाऱ्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं, त्याला भीती वाटणाऱ्या गोष्टीपासून लांब न्यायचं असतं.

गुरगुरणं: इथे घाई करू नका

पिल्लू भांड्यावर मान घालून खातंय. तुम्ही जवळ जाता. खाण्याचा वेग वाढतो, अंग ताठ होतं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं. आणखी जवळ गेलात की गुरगुर. बहुतेक लोक इथे भांडं काढून घेतात, "माझ्यावर गुरगुरतोस?" म्हणून. पिल्लाला भीती हीच होती, की कुणीतरी आपलं खाणं काढून घेईल, आणि ती खरी ठरली. पुढच्या वेळी ते लवकर गुरगुरतं. त्यावर मार मिळत गेला तर एक दिवस गुरगुरणं बंद होतं आणि ते थेट चावतं. गुरगुर ही सूचना आहे. ती बंद पाडायची नाही, तिची गरज संपवायची.

उलट दिशेने काम करा. ते खात असताना लांबूनच, ते निवांत असेल इतक्या अंतरावरून, भांड्याच्या दिशेने आणखी चविष्ट तुकडा टाका आणि निघून जा. काही दिवसांनी एक पाऊल जवळून. माणूस जवळ आला की ताटात भर पडते, हे पक्कं झालं की तुम्हाला बघून ते शेपूट हलवत मान वर करतं. पहिल्याच दिवशी भांड्यात हात घालून "सवय लावणं" हा चुकीचा सल्ला आहे, त्यामुळे नसलेली अडचण तयार होते. मुलांना मात्र या सरावात घेऊ नका. पिल्लू खाताना त्यांनी जवळ जायचंच नाही.

भीती आणि बाहेरचं जग

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास केला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ठळकपणे पुढे आला. या काळात जे भेटतं ते पिल्लू सहज स्वीकारतं, त्यानंतर नव्या गोष्टींबद्दल सावध होत जातं. अडचण अशी, की लसीकरण याच सुमाराला चालू असतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. तोवर घरातच ठेवलं तर हा काळ निघून जातो.

यावर अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या संस्थेने २००८ मध्ये भूमिका मांडली, की सात-आठ आठवड्यांपासून, पहिली लस झाल्यावर किमान सात दिवसांनी आणि जंतांचं औषध देऊन, पिल्लांना शिकवणीच्या वर्गात नेता येतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजारांची भीती खरी आहे, म्हणून अनोळखी कुत्रे फिरतात तिथल्या जमिनीवर सोडू नका. उचलून घेऊन रहदारी दाखवा, टोपीवाला माणूस, छत्री, व्हीलचेअर, पावसाचा आवाज, मिक्सर दाखवा. लस झालेल्या शांत कुत्र्याशी गाठ घालून द्या. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर खाऊ. पिल्लू मागे सरकलं, खाऊ घेईनासं झालं, जांभया द्यायला किंवा ओठ चाटायला लागलं, तर अंतर वाढवा. ओढून जवळ नेऊ नका.

आणि सहा महिन्यांनंतर अचानक सगळं विसरल्यासारखं वागायला लागलं तर खचून जाऊ नका. ते वयात येतंय. साधारण दीड वर्षापर्यंत हा काळ चालतो. नियम तेच ठेवा, बाहेर पट्टा सोडू नका आणि सोप्या गोष्टी पुन्हा पहिल्यापासून घ्या.

मदत कधी मागायची

गुरगुरताना ताठ होऊन एका जागी थिजणारं, खोल चावा घेणारं, एकटं सोडलं की स्वतःला इजा होईपर्यंत दार खरवडणारं, किंवा हात लावला की विव्हळणारं पिल्लू असेल तर लेख वाचत बसू नका. आधी पशुवैद्याकडून तपासून घ्या, कारण दुखणं हे चिडण्याचं मोठं कारण असतं. मग प्रशिक्षक शोधा आणि त्याला सरळ विचारा: पिल्लाने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात गळा आवळणारी साखळी, शॉक कॉलर किंवा "एकदा धाक बसू दे" असं काही आलं, तर दुसरा प्रशिक्षक बघा. पहिल्या वर्गाला तुम्हाला सोबत बसू देत नसेल, तरीही.